बुरुजावरचा डावा हात

मडक्याच्या आत हात घालून भिंत सारखी करायची वेळ आली की अजूनही माझा हात क्षणभर थांबतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. लहानपणी आमच्या गल्लीतल्या चिंचेखालून मी एकटी जायची आणि घाबरणाऱ्या भावंडांना वर चिडवायची. पण भांड्याच्या आत, जिथे डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटांनाच कळतं, तिथे पलीकडून कुणीतरी बोट टेकवेल असं मला वाटत राहतं. ते का वाटतं हे मला पक्कं ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, नेपरव्हिलमध्ये, तसं खरोखर झालं होतं.

कुंभारकाम मी अमेरिकेत येऊन शिकले. नवरा सकाळच्या गाडीने शिकागोला ऑफिसला जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. मला नोकरी करायची परवानगी नव्हती, मूलबाळ नव्हतं, आणि दुपारभर शेजारणींबरोबर सेलची कूपनं कापत बसायचा मला मनस्वी कंटाळा. गावातल्या एका जुन्या चर्चच्या तळघरात मातीकामाचा वर्ग चालायचा, तिथे नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी माझ्या चाकावरचा गोळा उडून भिंतीवर आपटला, तर त्यांनी मागे वळूनही न बघता विचारलं, "भिंत शाबूत आहे ना?" आमचं तिथेच जमलं. फटकळ माणसांशी माझं पटतं, कारण मीही त्यांच्यातलीच.

वर्गात पिशव्यांतली विकतची माती मिळायची. लोण्यासारखी मऊ, पण बेचव. आमच्या घराच्या मागे नदी होती; नदी कसली, ओढाच, पण तिथले लोक तिला मोठ्या मानाने रिव्हर म्हणायचे. तिच्या काठाची दरड ढासळली की खाली राखाडी, चिकट माती उघडी पडायची. मी बादल्या भरून आणायची, भिजवायची, गाळायची आणि चक्क्यासाठी दही टांगतात तशी फडक्यात बांधून आमच्या घराच्या तळघरात टांगायची. त्या मातीत चुनखडीचे खडे फार. एखादा जरी नजरेतून सुटला तरी भट्टीत भांडं फुटायचं आणि शेजारची दुसऱ्यांची भांडीही घेऊन जायचं. एकदा तसं झालं, आणि त्यानंतर ओढ्याची माती सामायिक भट्टीत ठेवायची नाही असा बाईंनी नियम केला. नियम सगळ्यांना होता, पण लागू फक्त मलाच व्हायचा.

तेव्हा गावात आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं होतो. दिवाळीला सगळे डॉक्टरांकडे जमायचो, कारण त्यांचं घर मोठं. डॉक्टरांची बायको पुण्याची, आणि तिथे माझी खरी मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच. त्यांना एकच मुलगी, तिसरीत शिकणारी. दातांमध्ये फट, बोलणं सगळं इंग्रजीत, फक्त खायला मागायचं ते मराठीत. त्या वर्षी तिने आईच्या लहानपणीच्या एका फोटोत दिवाळीचा किल्ला बघितला आणि हट्ट धरला की मलाही हवा.

मी विदर्भातली. आमच्या घरी दिवाळीत मातीचा किल्ला करायची पद्धत नव्हती. मैत्रिणीने लगेच ऐकवलं, "किल्ल्याशिवाय दिवाळी तुम्हा लोकांनाच जमते बाई." मी म्हटलं, "गावात माती कुणाकडे आहे? माझ्याकडे. तेव्हा जरा जपून बोल."

बाहेर हातपाय गारठत होते म्हणून किल्ला गॅरेजमध्ये झाला. डॉक्टरांची गाडी बाहेर काढली. खिडकीखाली विटा, त्यांच्यावर जुनी पोती, आणि वर माझी माती, पोरांनी थापलेली. वर सिंहासनावर महाराज बसले. ते कुणीतरी सुटकेसमधून पुण्याहून आणले होते. मावळे मिळेनात, म्हणून दुकानातले हिरवे प्लॅस्टिकचे अमेरिकन सोल्जर मावळे झाले. किल्ल्यावर हिरवळीसाठी आळीव पेरतात म्हणे. इथे कुठले आळीव? फोडणीच्या डब्यातली मोहरी टाकली.

मोहरी टाकायचा मान अर्थातच घरच्या मुलीचा. ती स्टुलावर चढली आणि तोल सांभाळायला तिने डावा हात समोरच्या बुरुजावर टेकवला. माती ओली होती. पाची बोटं आत रुतली. "मावशी, इट्स सो कोल्ड!" ती ओरडली.

"हात काढ, बुरुज बसेल!" मी ओरडले. तिने हात काढला, पंजा तसाच उमटलेला राहिला, मी तो बोटाने पुसून टाकणार होते, तेवढ्यात आतून हाक आली की चकल्या गार होताहेत. आम्ही सगळे पळालो.

दिवाळीनंतर पंधरवडाही झाला नसेल. एका शुक्रवारी मुलगी डोकं दुखतंय म्हणत शाळेतून आली आणि रविवारी ती नव्हती. मेंदूज्वर. डॉक्टर सारा वेळ तिच्या उशाशी होते. पुढे काय होणार ते त्यांना आमच्या आधी कळलं, एवढाच त्यांच्या डॉक्टरकीचा त्यांना उपयोग झाला.

आम्ही बायकांनी पाळ्या लावून डबे पोचवले. पुरुष मंडळी हॉलमध्ये गप्प बसून राहायची. मग हळूहळू ज्याची त्याची ऑफिसं सुरू झाली, पहिला बर्फ पडला, आणि डबे नेणारी मी एकटीच उरले. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मला दुसरं काम नव्हतं.

एका सकाळी घंटी वाजवली तर दार उघडेना. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, म्हणून वाकून आत गेले. मैत्रीण किल्ल्यासमोर स्टुलावर बसली होती, अंगात नवऱ्याचा कोट, हातात इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायचा फवारा. किल्ला हिरवागार झाला होता. मोहरी उजेडासाठी खिडकीकडे मान लांबवून उभी होती. तिने सगळीकडे पाणी मारलं, मग बुरुजावरच्या पंज्यात आपल्या डाव्या हाताची बोटं टेकवली. तिची बोटं नखांपर्यंतच आत जात होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "रोपं तिने लावलेली आहेत. वाळली तर काय सांगू तिला?"

मी डब्यातलं वरण गरम करायला आत गेले आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

नंतर डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर हळू बोलणारा माणूस, त्या दिवशी त्यांचा आवाज चिरकत होता. "तुम्ही समजवा तिला. तिने गॅरेजमध्ये हीटर लावून ठेवलाय, दिवसभर. खाली पोती आहेत. एखाद्या दिवशी घर पेटेल. आणि मला रोज ते बघून कामावर जावं लागतं. ती तुमचं ऐकेल."

गावात कुजबुज सुरू झालीच होती. कुणी म्हणालं, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. कुणी म्हणालं, गेलेल्या माणसाचं असं घरात ठेवू नये, नदीत सोडून द्या. हे मला फोनवर सांगणाऱ्या काकूंना मी म्हटलं, "नदी गोठली आहे, काकू, आधी कुऱ्हाड घेऊन या," आणि फोन आपटला. राग खरं तर काकूंचा नव्हता. राग कुणाचा होता ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून जो समोर सापडेल त्याच्यावर निघायचा.

पण गॅरेजमध्ये जाऊन मी नीट बघितलं तर डॉक्टरांनी सांगितली त्याहून मोठी अडचण मला दिसली. हीटर कितीसा पुरणार? पहाटे माती गोठायची, दिवसा विरघळायची. ओल्या मातीत पाणी गोठलं की ते फुगतं आणि मातीला आतून फाडतं. बुरुजाच्या पायथ्यापासून एक भेग वर निघाली होती आणि अंगठ्याच्या ठशाच्या जवळ येऊन ठेपली होती. चार-दोन थंड रात्री आणखी, की पंजा गेला असता.

मी तिला भेग दाखवली. मग स्पष्ट सांगितलं, कारण मला दुसरं येत नाही. "तेवढा बुरुज कापून काढते. आतून पोकळ करते, वाळवते, भट्टीत भाजते. भाजल्यावर माती पुन्हा विरघळत नाही. पण त्याला वाळावं लागेल. म्हणजे तुला पाणी बंद करावं लागेल."

"आणि मोहरी?"

"मोहरी जाईल."

"फुटेल का?"

"फुटूही शकतो. ही माती वाईट आहे, खडे आहेत. आणि फुटला नाही तरी लहान होईल. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते."

तिने ऐकलं, पण तिचं लक्ष रोपांकडे होतं. "तू जा आता," ती म्हणाली. मी गेले. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, मी उगाच नाक खुपसलं. तो म्हणाला, "उगाच नाही, पण खुपसलंस खरं." त्याचं असंच असतं.

काही दिवस तिने दार उघडलं नाही. मग एका दुपारी तिचाच फोन आला. "ये. पाणी बंद केलंय." मी माती कापायची तार आणि करवत घेऊन गेले. किल्ल्यावर एक हिरवं पान नव्हतं. सगळी मोहरी नखाने खुडलेली.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काल आमटीत घातली. दोघांनी खाल्ली. ह्यांनी विचारलं, कसली भाजी आहे. मी सांगितलं. त्यांनी ताट चाटून पुसून खाल्लं, आणि मग इतका वेळ नळाखाली हात धुवत बसले की मीच जाऊन नळ बंद केला."

माझ्या अंगावर काटा आला. तो भीतीचा होता की आणखी कशाचा, मला आजही ठरवता येत नाही. त्या घरात त्या मुलीला जेवू घालून झालं होतं आणि आता तिचं लावलेलं खाऊनही झालं होतं, एवढंच तेव्हा मनात आलं.

बुरुज कापताना तिने दोन्ही हातांनी तो समोरून धरला. मी मागून तार ओढली. गाडीत ती मागच्या सीटवर बसली आणि बुरुज मांडीवर टॉवेलात. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता, मी बैलगाडीच्या वेगाने चालवत होते, मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी प्रत्येकाला मराठीतून शिव्या घालत होते. ती मागून म्हणाली, "हळूच बोल. झोपलीये." मी आरशात बघितलं नाही. बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचं काम माझं एकटीचं होतं. भरीव माती भट्टीत टिकत नाही, आतली वाफ तिला फोडते. म्हणून बुरुज मागच्या बाजूने कोरून भिंत बोटभर जाडीची करायची होती, आणि समोरच्या पंज्याला धक्का लावायचा नव्हता. आमच्या तळघराच्या खिडकीपाशी, भर दुपारी, मी तो टॉवेलावर पालथा ठेवला आणि कोरायला लागले. खडे एकेक करून वेचले. हात मनगटापर्यंत आत गेला. भिंत पातळ होत चालली तशी बोटांनी चाचपत होते, कुठे किती उरलंय. आणि एकाएकी माझ्या बोटांना पाच उंचवटे लागले.

तिने बाहेरून बोटं रुतवली तेव्हा माती तिथे दाबून घट्ट झाली होती. मी कोरत होते ती सैल माती निघून येत होती आणि घट्ट झालेली तेवढी तशीच राहत होती. हे सगळं मला समजत होतं. पण हाताला ते समजत नव्हतं. हाताला वाटत होतं, पलीकडून एक लहान मूल आपली बोटं माझ्या बोटांवर टेकवून उभं आहे आणि मी किती दाबते ते बघतं आहे. मी दाबलं नाही. हात बाहेरही काढवेना. मी तशीच बसून राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मावशी आहे गं, घाबरू नकोस." घाबरले होते मी.

बुरुज वाळायला कित्येक आठवडे लागले. त्यावर ओलसर फडकं, फडक्यावर प्लॅस्टिक. घाई केली तर भेग पुढे सरकली असती. रोज सकाळी मी प्लॅस्टिक उचलायची आणि पंजा बघायची. रोज तो कणभर बदललेला असायचा. राखाडी रंग फिका होत होता, बोटं बारीक होत होती. नवरा तळघरात यायचा बंद झाला. वॉशिंग मशीन तिथे होतं, तर मेल्याने स्वतःचे कपडे वर बेसिनमध्ये धुवायला सुरुवात केली. मला विचाराल तर मी एकदाही त्या तळघरात एकटी नव्हते. कपडे वाळत घालताना, माती मळताना, खिडकीवरचा बर्फ पुसताना, पाठीमागे कुणीतरी कंटाळून उभं आहे आणि माझं काम कधी संपतंय याची वाट बघतंय, असं सारखं वाटायचं. मी पाठीमागे बोलत राहायची. काय बोलायची ते इथे लिहिणार नाही.

भट्टीचा प्रश्न होताच. मी वर्गात जाऊन बाईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, एक दिवस भट्टी मला एकटीला मिळेल का, म्हणजे फुटलं तर कुणाचं नुकसान नको. बाईंनी चष्मा वर करून बुरुज बघितला, पंजा बघितला, बराच वेळ. मग म्हणाल्या, "रिकामी भट्टी सगळीकडे सारखी तापत नाही. तुला तेवढंही शिकवलं नाही का मी?" आणि त्यांनी आपल्या कपाटातून त्या हिवाळ्यातली स्वतःची भांडी काढून बुरुजाच्या वरच्या आणि खालच्या फळीवर रचली. त्यांचं बघून वर्गातल्या बाकीच्यांनी आपली आणली. मी नियमाची आठवण करून दिली, तर बाई म्हणाल्या, "नियम माझा आहे."

भट्टी इतकी हळू तापवली की बाईंनाही कंटाळा आला. गार होईपर्यंत मी मैत्रिणीला फोन केला नाही. भट्टीचं दार उघडलं तेव्हा ती भांडी, वाडगे, एक कुणाचातरी वाकडा घोडा, सगळं शाबूत होतं. मध्ये बुरुज. राखाडी माती भाजल्यावर गुलाबी झाली होती, पंज्याच्या आत जरा जास्तच. मोहरीचे काही दाणे मातीत राहिले होते, ते जळून जाऊन त्यांच्या जागी बारीक भोकं पडली होती. भेग अंगठ्यापाशी होती तिथेच थांबली होती. बाईंनी हातमोज्याने तो उचलून माझ्या हातात दिला आणि चष्मा पुसायला लागल्या.

मैत्रीण आमच्या घरी आली ती एकटीच, गाडी स्वतः चालवत. मुलगी गेल्यापासून तिने प्रथमच गाडी चालवली होती. बुरुज मी टेबलावर ठेवला होता. ती कोट न काढताच खुर्चीवर बसली, डावा हात पुढे केला आणि गॅरेजमध्ये टेकवायची तशी बोटं पंज्यात टेकवली. बोटं बसेनात. तिने करंगळी घातली, मग अंगठा, मग पुन्हा सगळी बोटं. नखंसुद्धा नीट आत जाईनात.

"लहान झाली," ती म्हणाली.

"मी म्हटलं होतं तुला."

"हो, म्हणाली होतीस." ती बघत राहिली. "एवढा हात पहिलीत होता तिचा. नाही, बालवाडीत. आम्ही इथे आलो तेव्हा." मग तिने वर माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी हवंय असं दिसलं. "परत भाजलं तर आणखी लहान होईल?"

मला कळायला क्षण लागला.

"होईल ना?" ती म्हणाली. "थोडी थोडी. दरवेळी थोडी. अगं, जन्मली तेव्हा एवढीशी मूठ होती तिची, माझं एक बोट धरलं की भरून जायची. तू भाजत राहा. मी कितीही थांबेन."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कठोर वाटला, पण मऊ केला असता तर मी हो म्हणून बसले असते. "जास्त आच ही माती सोसत नाही. वितळते. मग पंजाच राहणार नाही. जेवढी लहान व्हायची तेवढी झाली ती आता."

ती रडली नाही. मी रडत होते. तिने बुरुज टेबलावरून उचलला, छातीशी धरला आणि उठली. "असू दे," ती म्हणाली. "एवढी होती ना, तेव्हा रस्त्यात माझा हात सोडायची नाही."

दारापुढची वाट गोठून काच झाली होती. मी म्हटलं, थांब, माझा हात धर, पडशील. तिने मान हलवली. त्या उथळ खळग्यांत जमतील तेवढी बोटं अडकवून, एकेक पाऊल टाकत, ती गाडीपर्यंत चालत गेली.